राजाचं घड्याळ साडेसहा कोटींना, राजपुत्राचं ७२ कोटींना: पाटेक १५१८ चं प्रकरण

२०२१ या एकाच वर्षात दोन घड्याळं लिलावात आली. दोन्ही पाटेक फिलिप या स्विस कंपनीची, दोन्हींचा मॉडेल नंबर १५१८, दोन्ही गुलाबी सोन्याची, आणि गंमत म्हणजे दोन्ही इजिप्तच्या एकाच राजघराण्यातली. पहिलं खुद्द राजा फारूकचं. ते मार्चमध्ये दुबईत ख्रिस्टीज या लिलावघराने विकलं, ९,१२,५०० डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेसहा कोटी रुपयांच्या आसपास. दुसरं प्रिन्स तौफीक अधम तुसूनचं, राजघराण्याचा मूळपुरुष मोहम्मद अली पाशा, त्याच्याच वंशातला हा माणूस, पण गादीवर कधी बसलेला नाही. त्याचं घड्याळ डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला सोथबीज या दुसऱ्या लिलावघरात गेलं ९५.७ लाख डॉलरला. म्हणजे ७२ कोटींच्या घरात.

राजाच्या घड्याळाला एक आणि राजपुत्राच्या घड्याळाला दहा! नऊ महिन्यांच्या फरकाने!

आपल्याकडे कोणालाही विचारा, जुन्या वस्तूची किंमत कशाने वाढते, तर लगेच उत्तर येतं "कोणाची होती त्याच्यावर". ह्या प्रकरणात ते उत्तर चालत नाही, म्हणून मला हे प्रकरण नीट उलगडून लिहावंसं वाटलं. जुनी घड्याळं घेणाऱ्या-विकणाऱ्यांना यातलं बरंच माहीत असेल, पण ज्यांना सोन्याचं घड्याळ म्हणजे सोन्याचा भाव गुणिले वजन एवढंच वाटतं त्यांच्यासाठी थोडं मुळापासून सांगतो.

आधी १५१८ म्हणजे काय ते बघू. १९४१ साली, युरोपात युद्ध पेटलेलं असताना, जिनिव्हात पाटेकने हे मॉडेल काढलं. परपेच्युअल कॅलेंडर म्हणजे महिना किती दिवसांचा ते स्वतःच ओळखणारं कॅलेंडर, आणि क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच, दोन्ही एकाच मनगटी घड्याळात आणि तेही एखाद-दुसरा नग नाही तर मालिका म्हणून, असं तोवर कोणी केलेलं नव्हतं. १९५४ पर्यंत हे बनत राहिलं आणि एकूण नग झाले साधारण २८१. तेरा-चौदा वर्षांत २८१! त्यातली बरीचशी पिवळ्या सोन्यात, गुलाबी सोन्यात अंदाजे पाचवा हिस्सा, आणि स्टीलमधली माहीत असलेली फक्त चार. केस, म्हणजे घड्याळाची बाहेरची धातूची डबी, ३५ मिलिमीटरची, आजच्या मानाने लहानच, आजकाल कॉलेजची पोरं यापेक्षा मोठं घालतात.

डायलवर काय काय असतं बघा. वर १२ च्या खाली दोन छोट्या खिडक्या, एकीत वार आणि एकीत महिना. खाली ६ जवळ तारखेचा काटा आणि त्याच गोलात चंद्राच्या कला दाखवणारी खिडकी. डावीकडे छोटा सेकंद काटा, उजवीकडे ३० मिनिटांचा काउंटर, कडेला टॅकिमीटरची, म्हणजे वेग मोजायची पट्टी. एवढं सगळं ३५ मिलिमीटरमध्ये कोंबूनसुद्धा गर्दी वाटत नाही, हेच या घड्याळाचं खरं कौतुक आहे आणि पुढे आलेलं पाटेकचं २४९९ हे मॉडेल, मग त्याच्यापुढची सगळी, याच मांडणीवर चालली आहेत.

आतलं यंत्र थोडक्यात. साध्या तारखेच्या घड्याळात ३० दिवसांचा महिना आला की आपण तारीख हाताने पुढे करतो. परपेच्युअलमध्ये एक चकती असते, चार वर्षांत एकदाच पूर्ण फिरणारी, तिच्या कडेवर ४८ महिन्यांच्या खाचा. ३१ चा महिना असेल तर खाच नाही, ३० चा असेल तर उथळ खाच, फेब्रुवारीला खोल, आणि चार फेब्रुवारींपैकी एकाला, लीप वर्षाच्या, किंचित कमी खोल. एक दांडी या कडेवर टेकलेली असते, ती खाचेत किती खाली गेली त्यावरून महिनाअखेरीस तारखेने किती घरं उडी मारायची ते ठरतं. बॅटरी नाही, चिप नाही, धातूच्या कडेला चार वर्षांचं पंचांग कोरलेलं. २१०० साल लीप नाही हे मात्र या चकतीला कळत नाही, तेव्हा १ मार्च २१०० ला कोणीतरी हाताने दुरुस्ती करायची आहे. चंद्राचं तर त्याहून आधी चुकतं, कारण चकतीत ५९ दात म्हणजे दोन चांद्रमासांना ५९ दिवस धरलेत, खरा महिना साडेएकोणतीसपेक्षा थोडा मोठा, त्यामुळे अडीच-पावणेतीन वर्षांत एक दिवसाचा फरक पडतो.

१५१८ वर लीप वर्ष कोणतं चालू आहे ते दाखवणारी खिडकी नाही. म्हणजे घड्याळ सहा महिने तिजोरीत बंद राहिलं की ते परत लावणं हे एक कामच, केसच्या बाजूला असलेले बारीक करेक्टर टाचणीसारख्या हत्याराने दाबत बसायचं, आणि मध्यरात्रीच्या आसपास, जेव्हा आत चक्र बदलत असतं तेव्हा चुकूनही दाबायचं नाही, नाहीतर दात मोडायचा. क्रोनोग्राफचं मूळ यंत्र व्हॅल्जू या दुसऱ्या कंपनीच्या कच्च्या यंत्रावर बेतलेलं, ते ऐकून काही लोकांचा हिरमोड होतो, पण त्या काळी मोठमोठ्या नावांचं असंच चालायचं आणि त्यावरचं फिनिशिंग आणि कॅलेंडरचं काम वेगळ्याच पातळीचं असायचं.

आता फारूक. १९३६ साली सोळाव्या वर्षी गादीवर आला, १९५२ च्या जुलैमध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी उठाव करून त्याला घालवलं, तो बोटीने इटलीला गेला आणि १९६५ ला रोममध्ये वारला. माणूस जबरदस्त हौशी, नाणी, तिकिटं, दागिने, गाड्या, घड्याळं, काय मिळेल ते जमवायचा. लंडनच्या चर्चिलच्या खिशातलं घड्याळ त्याने मेजवानीत लंपास केलं होतं असा एक किस्सा सगळीकडे फिरतो, खरंखोटं देव जाणे. १९५४ मध्ये नव्या सरकारने कैरोच्या कुब्बा राजवाड्यात त्याच्या संग्रहाचा लिलाव लावला, तो चालवायला सोथबीजलाच बोलावलं होतं.

त्याच्या १५१८ च्या मागच्या झाकणावर इजिप्तचा राजमुकुट, चंद्रकोर-तारा आणि एफ हे अक्षर कोरलंय. एफचीही एक कथा आहे, फारूकचा बाप राजा फुआद याला कोणीतरी ज्योतिष्याने सांगितलं की एफ तुला लाभतो, म्हणून मुलांची नावं फारूक, फौझिया, फैझा, फैका, फाथिया. यातली फौझिया म्हणजे इराणच्या शाहची पहिली बायको. तर अशी कोरीव खूण असलेलं, गुलाबी सोन्याचं, रुपेरी डायलचं घड्याळ दुबईत ठेवलं, अंदाज लावला ४ ते ८ लाख डॉलर, आणि प्रीमियम, म्हणजे लिलावघराचं कमिशन, धरून गेलं ९ लाखांच्या थोडं वर. म्हणजे पडलं नाही, अंदाजाच्या वरच गेलं. पण राजाच्या नावाला जेवढं वाटतं तेवढं काही मिळालं नाही.

तुसूनच्या घड्याळात काय वेगळं? सगळ्यात मोठी गोष्ट डायल. केस गुलाबी आणि डायलही गुलाबी. कलेक्टर लोक याला पिंक ऑन पिंक म्हणतात. गुलाबी सोन्याच्या १५१८ मुळातच थोड्या, त्यातल्या बहुतेकांना रुपेरी डायल, आणि गुलाबी डायलवाल्या माहीत असलेल्या पंधराच्या आसपास. त्यावर राजपुत्राचं नाव म्हणजे वरची साय. सायच, दूध नाही. दूध डायलचं आणि केसच्या अवस्थेचं.

इथे नीट थांबूया, कारण पैसे इथे आहेत.

जुन्या पाटेकची डायल रंगवलेली नसते. स्टर्न फ्रेअर नावाच्या डायलवाल्यांनी ती बनवलेली, आणि याच स्टर्न कुटुंबाने १९३२ मध्ये अख्खी पाटेक कंपनी विकत घेतली, आजही त्यांच्याकडेच आहे. डायलच्या पत्र्यात आधी अक्षरं, आकडे, पट्ट्या कोरायच्या, त्या खाचांत एनॅमलची भुकटी भरायची, भट्टीत भाजायची आणि मग वरून सपाट घासून घ्यायची. म्हणून ऐंशी वर्षांनीसुद्धा अक्षरं काळी कुळकुळीत राहतात. भिंगातून बघितलं तर अक्षराला थोडा उठाव, थोडी चमक दिसते. आता कोणी डायल "स्वच्छ" करायला दिली आणि त्या माणसाने ती घासली, नवीन मुलामा दिला, की अक्षरं बारीक होतात, एखाद्या अक्षराचं टोक उडतं, मिनिटांच्या खुणा पुसट होतात. मग कोणीतरी हुशार माणूस त्यावर रंगाने हात फिरवतो. भिंगाखाली रंग वेगळा ओळखू येतो. आणि असं दिसलं की किंमत निम्म्यावर येते, कधी त्याहून खाली.

आपल्याला हे कळायला जड जाऊ नये, कारण जगभरच्या विंटेज घड्याळवाल्यांमध्ये मुंबईचं नाव याच गोष्टीसाठी बदनाम आहे. जुनी एचएमटी, वेस्ट एंड, फेव्हर लुबा उघडून, डायल भडक निळ्या-नारिंगी रंगात नव्याने छापून, केसला बफ मारून ऑनलाइन विकायची, अशा घड्याळांना परदेशी लोक मुंबई स्पेशलच म्हणतात. फेव्हर लुबाने १८६५ मध्ये मुंबईत दुकान मांडलं होतं, एवढी जुनी परंपरा, आणि शेवट असा! घालायला म्हणून दोन-तीन हजारात घेतलं तर माझं काही म्हणणं नाही, छान दिसतात. पण "ओरिजिनल कंडिशन" म्हणून विकतात तेव्हा डोकं फिरतं.

डायलनंतर केस. सोनं मऊ, त्यात दर सर्व्हिसला घड्याळजी पॉलिश मारणार, गिऱ्हाईकालाही चकाचक हवं असतं. प्रत्येक पॉलिशला थोडं सोनं जातं. वजनाने काही नाही, पण लगच्या कडा, म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती शिंगं, गोलगोल होतात आणि त्यावरचे शिक्के पुसतात. स्विस १८ कॅरेटचा जुना शिक्का हेल्वेशियाचं डोकं, बाईचा बारीक चेहरा, १९९५ नंतर त्याच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. तर लगच्या बाजूला तो चेहरा खोल, नाकीडोळी स्पष्ट असेल तर केसला फार हात लागलेला नाही असं समजायचं, आणि नुसता एक पुसट ठिपका असेल तर विक्रेता काहीही सांगू दे. झाकणाच्या आत केस बनवणाऱ्याचा शिक्का, जिनिव्हावाल्यांचा किल्लीच्या आकाराचा, आत नंबर. गुलाबी सोन्यात तांबं जास्त असल्यामुळे वर्षानुवर्षं हात न लागलेल्या केसवर कडेकोपऱ्यात तपकिरी-जांभळट झाक येते. आपली आजी म्हणेल काळं पडलंय, घासून काढ. कलेक्टर त्या काळेपणाचे पैसे मोजतो.

आता कागद. पाटेककडून फी भरून आर्काइव्हमधला उतारा मिळतो. त्यात मूव्हमेंटचा म्हणजे आतल्या यंत्राचा नंबर, केसचा नंबर, बनवल्याचं साल, विकल्याची तारीख, आणि नोंद असेल तर डायल कशी होती ते. एक गोष्ट मात्र त्यात नसते, कोणाला विकलं. म्हणजे राजाने घेतलं की जिनिव्हातल्या एखाद्या डेंटिस्टने, कंपनी सांगत नाही. मग झाकणावरचं कोरीव काम, घराण्याकडचे फोटो, पत्रं, जुन्या लिलावांचे कॅटलॉग, यांची साखळी जोडावी लागते. आणि उतारा जुन्या वहीबद्दल बोलतो, आज तुमच्या हातात असलेल्या घड्याळाबद्दल नाही. ऐंशी वर्षांत डायल बदलली, काटे बदलले, बटणं बदलली, तर उताऱ्याला काय माहीत. पण गुलाबी डायलच्या बाबतीत तो एक शब्द फार उपयोगी पडतो, कारण रुपेरी डायलला गुलाबी करण्याचा मोह कोणालाही होईल, नुसत्या रंगाने लाखो डॉलर वाढत असतील तर.

मग फारूकच्या नावाला काहीच किंमत नाही का? आहे, आणि किती असू शकते ते त्याच वर्षी दिसलं, पण घड्याळात नाही, नाण्यात. १९३३ चं अमेरिकन डबल ईगल, २० डॉलरचं सोन्याचं नाणं. चार लाखांवर पाडली, पण रूझवेल्टने सोन्याची नाणी बंद केल्याने ती बाजारात न येता वितळवली, थोडी चोरवाटेने बाहेर गेली आणि ती बाळगणं बेकायदा. १९४४ मध्ये फारूकसाठी एक नाणं नेण्याचा निर्यात परवाना अमेरिकन सरकारकडूनच चुकून दिला गेला. १९५४ च्या त्या कैरोच्या लिलावात ते नाणं होतं, अमेरिकेने मागणी केल्यावर काढून घेतलं, मग गायब, मग १९९६ मध्ये न्यूयॉर्कला उगवलं, कोर्टकचेरी झाली, आणि तो परवाना असल्यामुळे हे एकच नाणं खाजगी माणसाने बाळगायला कायदेशीर ठरलं. २००२ मध्ये ७५.९ लाख डॉलर, जून २०२१ मध्ये १ कोटी ८८.७ लाख डॉलर! फारूकच्या नावाशिवाय ते नाणं म्हणजे जप्तीचा माल. तिथे नाव काम करतंय, मालकीचा सगळा दावा त्या नावावर उभा आहे. घड्याळात नाव फक्त झाकणावर आहे. ते पुसलं तरी घड्याळ १५१८ च राहतं आणि ते असलं तरी डायल गुलाबी होत नाही.

एवढं म्हटलं तरी दहापट फरक सगळा डायल-केसचाच असं मी म्हणणार नाही. २०२१ भर घड्याळांचा बाजार चढत होता, मार्चमधला आणि डिसेंबरमधला एक नव्हता. दुबईचा हॉल आणि डिसेंबरच्या न्यूयॉर्कमधला हॉल यातही फरक, न्यूयॉर्कला त्या आठवड्यात सगळे मोठे खरेदीदार गोळा झालेले असतात. आणि लिलावात शेवटी दोन वेडे लागतात. एकच असेल तर राखीव किमतीपाशी संपतं, दोघं अडून बसले तर अंदाज बाजूला राहतो. पण पिंक ऑन पिंकला असे दोघं मिळतात, ते यायची वाट बघत असतात, हाच मुद्दा आहे. पुढच्याच एप्रिलमध्ये हाँगकाँगला गुलाबी केस, गुलाबी डायल आणि मिलानच्या गोब्बी या दुकानाची सही असलेलं २४९९ गेलं ७७ लाख डॉलरला, म्हणजे न्यूयॉर्कचा आकडा काही अपघात नव्हता.

आणि ज्यांना अजूनही वाटतं की सोनं आहे म्हणून महाग, त्यांच्यासाठी १५१८ चं सगळ्यात महागडं उदाहरण स्टीलचं आहे. नोव्हेंबर २०१६, जिनिव्हा, फिलिप्स हे लिलावघर, १ कोटी १० लाख स्विस फ्रँक. तेच घड्याळ नोव्हेंबर २०२५ मध्ये परत आलं आणि १ कोटी ४१.९ लाख फ्रँकला गेलं. ज्या धातूची किंमत भंगारात किलोवर होते त्याने सोन्याला मागे टाकलं, का तर चारच आहेत.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर दुबईचं घड्याळ स्वस्तात गेलं. मला फारूक माणूस म्हणून अजिबात आवडत नाही, पण राजमुकुट कोरलेलं गुलाबी १५१८ दुसरं कुठून आणणार, आणि बहुतेक साधी पिंक १५१८ सुद्धा काही फुकट मिळत नाही, म्हणजे नावासाठी वर फार कमी मोजावे लागले. ठेवायला मी ते निवडेन. दहा वर्षांनी विकायचं असं डोक्यात असेल तर मात्र तुसूनचं, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

असलं घड्याळ कोणी समोर ठेवलंच (७२ कोटींचं नको, एखादं पिवळ्या सोन्याचं परपेच्युअल समजा) तर मी आधी नावाची गोष्ट ऐकणारच नाही. डायलचे भिंगातले फोटो मागेन, चारही लगचे बाजूने काढलेले फोटो मागेन, झाकण उघडून दोन्ही नंबर दिसतील असे फोटो आणि ते नंबर उताऱ्याशी जुळतात का ते बघेन. मग हेच घड्याळ आधी कुठल्या लिलावात आलं होतं का ते शोधेन, कारण जुन्या कॅटलॉगमधला फोटो खोटं बोलत नाही, वीस वर्षांपूर्वी लग जाड होती आणि आज बारीक आहेत तर मधे काय झालं ते उघड आहे. त्यानंतर तारीख स्वतः पुढे करून बघेन, २८ फेब्रुवारीवरून १ मार्च, ३० एप्रिलवरून १ मे, उडी नीट पडते का. हे सगळं झाल्यावर, कोणा राजाचं होतं ते सांगा, चहा घेत ऐकतो.

आणि घेतलंच तर सर्व्हिसला देताना पावतीवर मोठ्या अक्षरात लिहून घ्या, केसला पॉलिश नाही, डायलला हात नाही, काटे बदलायचे नाहीत, आणि काढलेला एकूण एक जुना पार्ट पुडीत घालून परत. तोंडी सांगून भागत नाही, वर्कशॉपमधल्या माणसाला चकाचक करून द्यायची सवयच असते.